अष्टकोनाचा शोध

15 ऑगस्ट 2001. भारतीय नौदलाच्या निशाणावरचा लाल क्रूस अखेर उतरला. हा सेंट जॉर्जचा क्रूस म्हणजे इंग्लंडचा झेंडा. 26 जानेवारी 1950 रोजी कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिथे तिरंगा आला, पण क्रूस होता तिथेच राहिला. तो बदलावा, ही सूचना व्हाइस ॲडमिरल बार्बोझा यांनी सत्तरच्या दशकातच केली होती. मुंबईला मुख्यालय असलेल्या पश्चिम नौदल विभागाचे ते प्रमुख होते.

नवे निशाण पांढरेशुभ्र होते. कोपऱ्यात तिरंगा आणि उरलेल्या पांढऱ्यावर नौदलाचे निळे बोधचिन्ह. कागदावर देखणे दिसणारे हे निशाण समुद्रावर मात्र फसले. निळे चिन्ह आभाळाच्या आणि पाण्याच्या निळाईत मिसळून जाई, लांबून ओळखूच येईना. युद्धनौका कोणाची, हे समोरच्याला क्षणात कळावे यासाठी तर निशाण असते! 2004 मध्ये क्रूस परत आला. त्याच्या मध्यावर सोनेरी राजमुद्रा बसली, 2014 मध्ये खाली ‘सत्यमेव जयते’ आले. तरीही क्रूस तो क्रूसच.

तो काढायचा कसा, आणि काढून निशाण उठून दिसेल कसे, हा पेच सुटला 2 सप्टेंबर 2022 रोजी. कोचीला ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल होत असताना नव्या निशाणाचे अनावरण झाले. तिरंगा कोपऱ्यात कायम. बाजूला निळा अष्टकोन, त्याला दुहेरी सोनेरी कडा, आत नांगरावर विसावलेले राष्ट्रचिन्ह. रंग पुन्हा निळाच! पण आता तो भरीव आहे, त्यावर सोने झळकते आणि सगळीकडून पांढऱ्याची चौकट आहे. माझ्या मते 2001 च्या फसगतीचे खरे उत्तर या मांडणीत आहे.

आणि आकार? तो आपल्या दप्तरांत साडेतीन शतकांहून अधिक काळ होता. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी. रांझ्याच्या पाटलाला बदअंमलाबद्दल दिलेल्या शिक्षेचे 1646 चे पत्र तिनेच मुद्रांकित आहे. कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमार उभारणारा आणि 1664 मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घालणारा राजा तोच. जालन्याच्या स्वारीनंतर 1679 मध्ये तो विसाव्याला थांबला, तो अकोले तालुक्यातल्या पट्टागडावर. म्हणून तो गड विश्रामगड. डोंगर आणि दर्या एकाच मुद्रेच्या हुकमाखाली होते. नौदलाने ही प्रेरणा उघडपणे नोंदवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

डिसेंबर 2023 मध्ये ॲडमिरलांच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांवरही अष्टकोन आला. मुंबईत नांगरलेली युद्धनौका दिसली, तर तिच्या मागच्या टोकाचे निशाण जरूर निरखून पाहा.