अंगणातील किल्ले आणि दर्यातील रण

दिवाळीच्या सुट्टीत उरणच्या आळ्यांतून आणि कोळीवाड्यांतून मातीचे किल्ले उभे राहतात, तेव्हा बालक्रीडा म्हणून त्यांचे कौतुक होते. परंतु युद्धभूमीची प्रतिकृती रचून तिच्यावर डावपेचांचा विचार करण्याच्या विद्येशी या परंपरेचे नाते किती निकटचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

प्रशियात राइसविट्झ यांनी नकाशा, ठोकळे व फासे यांच्या साह्याने सिद्ध केलेला युद्धखेळ १८२४ मध्ये तेथील लष्करी शिक्षणात प्रविष्ट झाला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातले शिपाई व तोफा घेऊन घरच्या घरी लढाई खेळण्याचे नियम घालून दिले. आणि आज मध्ययुगीन सैनिकांच्या बोटभर प्रतिमा स्वहस्ते रंगवून, घरी केलेल्या टेकड्यांत व तटबंदीत त्या मांडून, फीत व फासे यांनी चाल आणि मारा ठरविणारे शौकीन देशोदेशी आहेत.

आपल्याकडे नियमांपेक्षा भूमीच्या रचनेला महत्त्व आले. दगडविटांच्या ढिगावर चिखलात भिजविलेले गोणपाट टाकले, की त्याच्या चुण्यांतून कडे आणि घळी आपसूक उतरतात. उतारावर अळीव पेरले जाते, शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि माचीवर मावळे येतात. आणि वाट काढता काढता महादरवाजा बुरुजांच्या आड का लपवावा, हे कोणी न सांगता मुलाला उमगते.

मात्र उरणच्या अंगणांत जलदुर्गालाही मानाचे स्थान मिळावे, असे मला मनापासून वाटते. उरण ज्यावर वसले आहे, ते द्रोणागिरी डोंगराचे करंजा बेट पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्या अमलाखाली क्रमाने गेले, व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी आणि घारापुरीसह इंग्रजांकडेच राहिले. कारण मुंबई बंदराच्या बंदोबस्तासाठी भोवतीचा मुलूख आणि बेटे हाती असणे त्यांना निकडीचे होते. करंजाची खाडी ओलांडून रेवस, पुढे थळ, आणि थळसमोर दर्यातील जलदुर्ग खांदेरी. २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत तिचा समावेश झाला.

१६७९ मध्ये आरमारातील मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली महाराजांनी तेथे तटाचे काम चालविले, आणि ते उधळण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी गलबते धाडली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज पकडले. ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र झुंज देऊन मराठ्यांना माघारी फिरविले. तरीही रसद थांबली नाही. कारण मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर चालत व उथळ खाडीत शिरत, आणि मोठ्या जहाजांना तेथवर पाठलाग करणे शक्य नव्हते.

हे सारे अंगणात मांडणे दुष्कर नाही. निळ्या कापडाच्या दर्यात खांदेरीचे दगडी बेट, किनारी खाडी, पुठ्ठ्याच्या होड्या, आणि तीन नियम: वारा पडला, की शिडाच्या जहाजांनी थांबावे, वल्ह्यांच्या होड्यांनी चालावे, खाडीत केवळ हलक्या होडीला प्रवेश असावा. वाऱ्याचा निर्णय फाशावर सोपवावा. एवढ्याने मुलाला कळेल, की खांदेरी टिकली ती शौर्याइतकीच वारा, भरती-ओहोटी आणि खाड्यांची खोली जाणणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांच्या ज्ञानाने. आणि ते ज्ञान ज्या घरांत अद्याप नांदते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीच या खेळाचे पहिले पंच व्हावे.