ताणलेले पोलाद आणि हायड्रोजन

लोखंडाला गंज चढला की त्याचे पापुद्रे सुटतात व ते झिजत जाते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. असा गंज डोळ्यांना दिसतो. तो खरवडून रंग देता येतो. परंतु पोलादाच्या नाशाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात धातू वरून जवळजवळ शाबूत दिसतो आणि एके दिवशी एकाएकी तुटतो.

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को–ऑकलंड खाडीपुलाच्या नव्या पूर्व भागावर याचा प्रत्यय आला. भूकंपाचे धक्के सोसणारे अवजड भाग एका खांबावर जखडण्यासाठी सुमारे ७६ मिलिमीटर व्यासाच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या ९६ सळया ताणण्यात आल्या. दिलेला ताण सळई तुटण्यास लागणाऱ्या बलाच्या सुमारे सत्तर टक्के, म्हणजे हिशेबात बसणारा होता. तरीही काही दिवसांतच त्यांपैकी ३२ सळया तुटल्या. त्या २००८ साली बनविलेल्या होत्या आणि ताण देण्यापूर्वी त्यांच्या छिद्रांत पाणी साचून राहिले होते.

ओलाव्यात धातू गंजत असताना पाण्यातून हायड्रोजनचे अणू सुटे होऊ शकतात. जस्त स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते खरे, पण त्याच क्रियेत उघड्या पोलादावर हायड्रोजन निर्माण होऊ शकतो. बहुतेक अणू जोडीने एकत्र येऊन वायुरूपाने निघून जातात. थोडे मात्र धातूत शिरतात. हायड्रोजनचा अणू अतिशय लहान असतो. सांडपाण्यात आढळणारा हायड्रोजन सल्फाइड ही जोडी जमू देत नाही, म्हणून तेथे धोका अधिक. आत शिरलेले अणू ताण जेथे सर्वाधिक, म्हणजे आट्यांच्या खाचेत किंवा सूक्ष्म भेगेच्या टोकाशी गोळा होतात व तेथील पोलाद ठिसूळ करतात. भेग किंचित पुढे सरकते, नव्या टोकाशी पुन्हा अणू जमतात. ताण दिल्याबरोबर नव्हे, तर काही तासांनी वा दिवसांनी सळई तुटते ती यामुळे.

नरम पोलाद अशा वेळी थोडे वाकून ताण वाटून घेते. कठीण पोलादाला ते जमत नाही. त्यामुळे अधिक बळकट पोलाद अधिक सुरक्षित, हा समज येथे लागू पडत नाही. घरबांधणीच्या साध्या सळयांबाबत ही भीती सहसा बाळगण्याचे कारण नाही. पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पुलांतील ताणलेल्या तारा आणि उच्च बलाचे बोल्ट यांच्याबाबत मात्र दक्षता हवी. तारांच्या नळ्यांत सिमेंटचे द्रावण पोकळी न ठेवता भरणे आणि विद्युत्‌विलेपन केलेले कठीण बोल्ट लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून आतील हायड्रोजन घालविणे, हे रूढ उपाय आहेत.

खाडीपुलाच्या त्या सळयांवरील भरवसा सोडून देऊन अभियंत्यांनी खांबावर पोलादी खोगीर बसविले आणि ते ताणलेल्या तारांनी आवळले. पूल सप्टेंबर २०१३ मध्ये खुला झाला. खोगिराचे काम त्या वर्षाच्या अखेरीस पुरे झाले.