काळ्या मातीवरची वेगवान गाडी

संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा हाती आला, की अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार, मोर्शी, वरूडकडच्या घरांत गाडीचा विषय निघतो. वडिलांच्या मनात बोलेरो असते. मुलाच्या मोबाइलवर मात्र सेकंड हँड पोलो जीटी, अबार्थ पुंटो नाहीतर ऑक्टाव्हिया व्हीआरएसचे फोटो असतात. त्या मुलाची ओढ मला पटते. चांगली गाडी चालवण्यात आनंद आहे आणि तो घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त ती गाडी रोज चालवायची आहे. अमरावतीचं कोर्टकचेरीचं काम, परतवाड्याचा दवाखाना, बगीच्यातली फेरी, सगळं त्याच गाडीत. मग कोणती घ्यावी?

दोन सीटची खरीखुरी स्पोर्ट्स कार इथे बाजूलाच ठेवावी लागते. गोव्यात नव्वदच्या दशकाअखेरीस सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची छोटी उघडी दोनसीटर बनवली होती. तशी गाडी छंद म्हणून छानच, पण आईवडील आणि संत्र्याच्या दोन पेट्या तिच्यात मावणार नाहीत. वर उल्लेखलेल्या तिन्ही गाड्यांत मागे माणसं बसतात, डिक्की वापरता येते, आणि तिघींचाही महाराष्ट्राशी संबंध आहे. पोलो चाकणच्या कारखान्यातली, पुंटो रांजणगावची आणि ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची.

ताकदीत ऑक्टाव्हिया सरळ पुढे आहे. 2017 मध्ये आलेल्या व्हीआरएसमध्ये दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 230 हॉर्सपॉवर. 2015 ची अबार्थ पुंटो 1.4 लिटर टर्बोवर 145 हॉर्सपॉवर देते, तीही पाच गिअरच्या मॅन्युअल बॉक्ससह. पोलो जीटी टीएसआयचं 2013 चं 1.2 लिटर इंजिन 105 चं, तर 2020 नंतरचं 1.0 लिटर इंजिन 110 चं. कागदावर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण तो आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यावर टिकत नाही.

आपल्या रस्त्यांची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. तिकडे नांदगाव खंडेश्वर, धामणगावकडून समृद्धी महामार्ग जातो, तिथे कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. अशा रस्त्यांवर व्हीआरएस हाकण्याचं सुख वेगळंच. मात्र चांदूर बाजारहून निघालेली गाडी आधी तालुक्यातल्या आणि गावातल्या रस्त्यांवरून जाते, आणि त्यांच्या पोटात काळी माती असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. त्यामुळे सरळ दिसणारा रस्ताही लाटा खातो आणि त्याच्या कडा खचतात. ताठ स्प्रिंग आणि चपट्या टायरची गाडी या लाटांवर उडते. शॉकअप, लोअर आर्म, बुश लवकर संपतात, रिम वाकते. गतिरोधकांचं तर काय सांगावं! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर लांबीचा असायला हवा. गावात मात्र एका रात्रीत घातलेला अरुंद, उभा बांध भेटतो. अबार्थचं पोट जमिनीपासून 155 मिलिमीटर उंच. गाडीत चार माणसं आणि मागे पेट्या असल्या, की तेही कमी होतं.

दुसरा न्याय ऊन करतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. टर्बो इंजिनाला थंड, दाट हवा हवी असते. तापलेल्या हवेत ताकद उतरते आणि ऑइलवर ताण येतो. म्हणून अशा गाडीचं ऑइल कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यावर बदलावं आणि घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवून मग बंद करावं, असं माझं मत आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना इंजिनावरचा हा ताण लगेच कळतो.

गिअरबॉक्सकडे विशेष लक्ष द्या. जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. त्याचा क्लच तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे गर्दीत हळूहळू सरकताना तो तापतो. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलण्याचं इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक डोकं, बिघडलं तर खर्च मोठा येतो. व्हीआरएस 230 मध्ये सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी आहे, तो उष्णता जास्त सहन करतो. पण त्याचं ऑइल वेळेवर बदललं होतं का, हे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पाहावंच लागतं. 2020 नंतरच्या पोलोत साधा सहा गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. वऱ्हाडच्या उन्हात मला तेच भरवशाचे वाटतात.

मिस्त्री आणि पार्टचा विचार तर गाडी पाहायला जाण्याआधी करायचा. पुंटो बनवणाऱ्या फियाटने भारतातला कारचा व्यवसाय गुंडाळला, त्यामुळे अबार्थ घेणाऱ्याला पार्ट शोधण्याची हौसही असावी लागते. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, त्याने अबार्थ जरूर घ्यावी. स्टीअरिंगचं असं बोलकेपण या किमतीत दुसरीकडे मिळणार नाही. व्हीआरएसच्या ब्रेक पॅडपासून सगळ्या पार्टची किंमत पंचवीस लाखांच्या घरातल्या गाडीची असते, सेकंड हँड घेतली म्हणून ती कमी होत नाही. जवळचं अधिकृत वर्कशॉप अमरावतीत आहे की दीडशे किलोमीटरवर नागपुरात, हे आधी फोन करून विचारा. पोलोचं 1.0 टीएसआय इंजिन पुढे टायगन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियातही आलं, म्हणून त्याची माहिती आणि सुटे भाग मिळत राहतील.

गाडी पाहायला जाल तेव्हा ती रात्रभर बंद ठेवलेली, थंड असू द्या. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. स्कॅनर लावा. गाडीचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली आहे का, ते स्पष्ट विचारा; अशा गाडीने क्लच आणि टर्बोचं आयुष्य आधीच खर्च केलेलं असतं. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा, कारण पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुनी 1.2 पोलो व पुंटो त्याआधीच्या काळातल्या आहेत. पुण्या-मुंबईचं पासिंग असेल तर राज्याचा कर पुन्हा भरावा लागत नाही. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, फॉर्म 29 आणि 30 हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज करा.

घरात एकच गाडी राहणार असेल, तर माझा कौल 2020 ते 2022 मधल्या, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेल्या, कंपनीतून आली तशीच ठेवलेल्या 1.0 टीएसआय मॅन्युअल पोलोला.