जागलीची हाक आणि उंदराचे कान

रात्री जागलीला जाणाऱ्याला हे सांगायला नको. रानडुकरांचा कळप एका वावरात शिरला, की तिथला माणूस ओरडतो, डबा बडवतो. त्याचे पीक गेलेलेच असते. पण त्याची हाक ऐकून शेजारची वावरे जागी होतात आणि कळप पुढे सरकत नाही. शेजारी बहिरा असेल तर मात्र हाक वाया जाते.

हे आठवायला कारण घडले. गेल्या पावसाळ्यात एका गावी बोंडअळीवर बैठक चालू होती. विषय संपल्यावर एक बाई मागून म्हणाली, "सायेब, माशी तं घरात साऱ्याइलेच चावते. मंग मेंदूचा ताप लहानग्यालेच काहून होते?" मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न मनात राहिला. मग वाचले, विचारले, ते येथे सांगतो.

आपल्या मातीतला विषाणू

बाईने विचारलेला ताप चांदीपुरा विषाणूचा. 1965 साली नागपूर भागात तापाची साथ होती. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रोग्यांच्या रक्तातून हा नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला तिथल्या चांदीपुरा वस्तीचे नाव मिळाले. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. वाळूमाशी, म्हणजे सॅण्डफ्लाय, हा विषाणू पसरवते. 2003 साली आंध्र प्रदेशात या साथीत 329 मुले आजारी पडली आणि त्यांतली 183 दगावली. त्या साली महाराष्ट्रातही मुले गेली. 2024 मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली.

शरीरातली जागल

विषाणू एका पेशीत शिरला, की ती पेशी मरता मरता एक पदार्थ बाहेर सोडते. त्याचे नाव इंटरफेरॉन. अलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी 1957 साली लंडनमध्ये कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर प्रयोग करून तो शोधला. हीच ती हाक. ती ऐकायला शेजारच्या पेशींवर जणू कान असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. कानावर हाक पडली, की पेशी आपली दारे-खिडक्या लावून घेते आणि विषाणूला आत वाढू देत नाही.

हा कान घडवण्याचा हुकूम जनुकात लिहिलेला असतो. बियाण्यात जसा वाणाचा गुण लिहिलेला असतो, तसाच. 1994 साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील शास्त्रज्ञांनी उंदरांतले हेच जनुक मोडून पाहिले. उंदीर दिसायला ठणठणीत होते. खात होते, वाढत होते. मग त्यांना गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूची लागण केली. हा विषाणू चांदीपुराचा चुलतभाऊच. साधे उंदीर जेवढी लागण सहज पचवतात, तेवढ्यानेच हे बहिरे उंदीर मेले. त्यांची इतर प्रतिकारशक्ती शाबूत होती; पण ती जोर धरायला काही दिवस लागतात. पहिल्या काही तासांची राखण इंटरफेरॉनच करतो.

मग लहानग्यालाच का?

चांदीपुरा झालेल्या मुलाचे जनुक बिघडलेले असते, असा अर्थ कोणी काढू नये. जन्मापासून हा कान नसलेली माणसे फार क्वचित आढळतात. पण चांदीपुराचे प्रयोग पाहिले तर उंदरांची पिल्ले या विषाणूने मरतात, मोठे उंदीर बहुधा तगतात. तोच विषाणू थेट मेंदूत टोचला तर मात्र मोठाही वाचत नाही. म्हणजे विषाणू मेंदूत पोचण्याआधी अडवला जातो की नाही, यावर सारे अवलंबून. कोवळ्या वयात ही शर्यत हरण्याचा धोका जास्त.

शर्यत तासांची आहे, म्हणून आपणही तासांचा हिशेब ठेवावा. पावसाळ्यात मुलाला एकाएकी मोठा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी दिसली, तर अंगारा-धुपारा करण्यात रात्र घालवू नका. 108 ला फोन करा आणि मोठा दवाखाना गाठा. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. या रोगावर खास औषध किंवा लस नाही; पण झटके, ताप आणि श्वास सांभाळायला दवाखानाच लागतो.

घरी काय कराल?

वाळूमाशी डासाहून बरीच लहान असते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती शिरते, म्हणून बारीक विणीची मच्छरदाणी घ्या. ती भिंतीच्या भेगांत लपते आणि शेणा-पाल्याच्या ओलसर मातीत वाढते. तेव्हा पावसाळ्याआधी भेगा लिंपा, उकिरडा घरापासून दूर न्या, गोठा कोरडा ठेवा. मुलांना संध्याकाळी अंगभर कपडे घाला. आरोग्य खात्याचे फवारणीवाले आले, तर त्यांना घरात येऊ द्या. मात्र कपाशीचे औषध घरात कधीही फवारू नका. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ते विसरू नये.

त्या बाईला मी इतकेच सांगेन: माय, लेकराच्या अंगातली जागल त्याच्या परीने जागीच असते. तिच्या हाकेला आपणही कान द्यायचा.