उपकारस्तुती आणि कबुली

पंधरा ऑगस्टच्या सकाळी वसईच्या अथवा मुंबईच्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये जाणाऱ्या अन्यधर्मीय पाहुण्यास तेथील उत्सवाचे स्वरूप प्रथमदर्शनी थोडे संभ्रमात टाकणारे वाटेल. कारण पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण शतकानुशतके याच तारखेस साजरा होत आला आहे, आणि १९४७ साली भारताच्या स्वातंत्र्याचा दिवसही योगायोगाने तोच ठरला. सणाच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेतच, देशासाठी प्रार्थना होते, आणि अनेक ठिकाणी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात ध्वजवंदन होते. या प्रार्थनेत ख्रिस्ती माणूस आपल्या राष्ट्रासाठी नेमके काय मागतो, आणि स्वातंत्र्याबद्दल आभार मानतो ते कोणत्या भावनेने, याची माहिती इतर समाजांस फारशी असत नाही. ही परंपरा फार जुनी असून तिच्यात उपकारस्तुती आणि पापाची कबुली या दोन गोष्टी एकत्र नांदतात.

या उपकारस्तुतीचे मूळ प्राचीन इस्राएल लोकांच्या इतिहासात आहे. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण दरवर्षी वल्हांडणाच्या सणाने करावे, असा त्यांच्या शास्त्राचा दंडक होता. परंतु बायबलातील ‘अनुवाद’ नामक ग्रंथाच्या आठव्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे त्यांस जो इशारा देतो, तो या दंडकाहूनही मार्मिक आहे. सुपीक मुलूख ताब्यात आला, चांगली घरे बांधून झाली, गुरेढोरे आणि सोनेरुपे यांची वृद्धी झाली, म्हणजे हे सारे वैभव आपण आपल्याच बाहुबलाने संपादिले असे तुमच्या मनात येईल आणि ज्याने तुम्हांस सोडविले त्याचा तुम्हांस विसर पडेल, असे तो बजावतो. तेव्हा ईश्वराचे आभार मानणे हा या परंपरेत केवळ शिष्टाचार नव्हे. विजयी राष्ट्राच्या मस्तकात शिरणाऱ्या मदावर घातलेला तो अंकुश होय. यामुळे तुरुंगवास भोगणाऱ्या किंवा फासावर जाणाऱ्या देशभक्तांच्या त्यागास उणेपणा येतो, असे मात्र कोणी समजू नये. असे पुरुष आणि अशा स्त्रिया राष्ट्रास लाभल्या, हादेखील ईश्वराचाच प्रसाद, अशी ख्रिस्ती भाविकाची धारणा असते.

परंतु राज्यकर्ते परधर्मीय असतील, किंबहुना शत्रूच असतील, तर काय करावे? बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमहून पाडाव करून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठविले, त्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. परक्या नगरात घरे बांधा, मळे लावा, आणि त्या नगराच्या कल्याणासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे रोमन अंमलात, बायबलातील तीमथ्यास लिहिलेल्या पत्रात, सर्व माणसांसाठी, आणि विशेषतः राजे व अधिकारी यांच्यासाठी, रदबदली व उपकारस्तुती करावी अशी आज्ञा आली. आणि ज्या सत्तेच्या दरबारात ख्रिस्ती लोकांवर खटले चालत, तिच्याचसाठी त्यांच्या उपासनेत प्रार्थना होऊ लागल्या. इसवी सन १९७ च्या सुमारास कार्थेज येथील तर्तुलियन या लेखकाने अधिकाऱ्यांपुढे जे समर्थन मांडले, त्यात आपले लोक सम्राटास दीर्घायुष्य, राज्यास स्थैर्य, सैन्यास शौर्य आणि सिनेटास निष्ठा लाभावी म्हणून देवास विनवितात, असे त्याने स्पष्ट सांगितले. परंतु सम्राटास देव मानण्यास त्याने तितक्याच निक्षून नकार दिला. राजासाठी प्रार्थना करावी, राजाची करू नये, ही मर्यादा तेव्हापासून निश्चित झाली, आणि आज राजाच्या जागी राष्ट्र ठेवले तरी ती तशीच लागू पडते.

नम्रतेचा खरा कस मात्र राष्ट्र संकटात सापडते तेव्हा लागतो, आणि त्याचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धात आढळते. सिनेटच्या विनंतीवरून अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ३० मार्च १८६३ रोजी जाहीरनामा काढून ३० एप्रिल हा दिवस राष्ट्रीय उपवास व प्रार्थनेसाठी नेमून दिला. युद्ध ऐन भरात असताना शत्रूच्या नाशाची याचना करण्याचा मोह कोणत्याही राज्यकर्त्यास व्हावा. पण या जाहीरनाम्याचा रोख स्वतःच्याच लोकांकडे होता. संपत्ती, लोकसंख्या आणि सामर्थ्य यांत आपण वाढलो, परंतु देवास विसरलो आणि हे वैभव आपल्याच शहाणपणाचे फळ मानू लागलो, असा कबुलीचा सूर त्यात उमटला. तो वाचताना मोशेच्या इशाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्याहून खोल विचार लिंकन यांनी ४ मार्च १८६५ रोजी दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात मांडला. उत्तर आणि दक्षिण हे दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचेच साहाय्य मागतात. दोघांच्याही प्रार्थना पुऱ्या होणे शक्य नव्हते, आणि कोणाचीच पूर्णपणे फळास आली नाही, असे त्यांनी विजय दृष्टिपथात आला असताना सांगितले. गुलामगिरीचे पाप एकट्या दक्षिणेच्या माथी न मारता, हे भीषण युद्ध म्हणजे त्या पापाबद्दल उभय पक्षांस मिळालेले शासन असू शकेल, असे ते म्हणाले. आणि सहा लाखांहून अधिक माणसे ज्यात मेली त्या युद्धाच्या अखेरीस त्यांनी श्रोत्यांकडे सूडाची नव्हे, तर जखमा बांधण्याची मागणी केली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच त्यांची हत्या झाली. ईश्वर आपल्या पक्षाचा आहे असा दावा न करता आपण त्याच्या न्यायासमोर उभे आहोत हे जाणणे, यालाच राष्ट्रासाठी नम्र प्रार्थना म्हणतात.

आपल्या देशातील ख्रिस्ती समाजास ही नम्रता निराळ्या परिस्थितीत शिकावी लागली. इंग्रजी अंमलात अँग्लिकन मंडळ्यांच्या नेमलेल्या प्रार्थनांत इंग्लंडच्या राजाचे नाव असे, आणि राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला, म्हणून आपल्या देशनिष्ठेविषयी शंका घेतली जाते, हे शल्य अनेकांच्या मनात सलत असे. त्या शंकेचे निरसन ज्यांच्या आचरणाने झाले त्यांत माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा अग्रगण्य होत; लोकमान्य टिळकांचे हे स्नेही १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि पुढे त्यांनी मुंबईचे महापौरपदही भूषविले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, परंतु त्यांच्या धर्मशोधामागे राष्ट्रोद्धाराची तळमळ होती आणि ती अखेरपर्यंत मावळली नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगाच्या आणि ओवीच्या वाटेने मराठी मंडळ्यांच्या मुखी रुळविली, आणि १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ स्थापून त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही स्थान दिले.

स्वातंत्र्यानंतर या प्रार्थनांत राजाच्या नावाची जागा राष्ट्रपतींच्या नावाने घेतली. याच काळात घटनासमितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी, स्वतः बंगाली ख्रिस्ती असून, मे १९४९ मध्ये सल्लागार समितीपुढे ठराव आणला की, अनुसूचित जातींव्यतिरिक्त इतर अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळांत राखीव जागा ठेवू नयेत. ठराव संमत झाला. हक्काची सनद पदरात पाडून घेण्याऐवजी बहुसंख्य बांधवांच्या न्यायबुद्धीवर विसंबण्याचे धैर्य त्यात होते. घटनासमितीने तयार केलेल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांस अधीन ठेवून, सर्व व्यक्तींस सारखाच दिला. भारतीय ख्रिस्ती माणूस स्वातंत्र्यदिनी ज्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानतो त्यांत हा हक्क प्रमुख आहे. आणि तो शेजाऱ्यासही तितकाच असल्यामुळे त्या उपकारस्तुतीस जातीयतेचा वास येण्याचे कारण उरत नाही.

स्वातंत्र्य मिळाले, पण ते कशासाठी? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने त्याचा उपयोग देहवासनेसाठी न करता प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी करावा, असे सांगितले आहे, आणि प्रेषित पेत्रानेही स्वातंत्र्याच्या आडून दुष्टपणा करू नये असा इशारा दिला आहे. म्हणून चर्चमधील प्रार्थना राज्यकर्त्यांपाशी थांबत नाही. ती भुकेल्यांकडे, बंदिवानांकडे, रोग्यांकडे आणि ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांच्याकडेही वळते. ज्या प्रार्थनेनंतर भाविक शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवून घरी जातो, ती त्याच्याच शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही.

ही कसोटी एका धर्मापुरतीच राहावी असे नाही. वाचक कोणत्याही पंथाचा असो, राष्ट्रीय सणाच्या दिवशी आपल्यास परिश्रमावाचून काय लाभले याचे स्मरण त्याने करावे, आणि देशाच्या दोषांची यादी करताना तीत स्वतःचे नाव प्रथम घालावे.