अणुकेंद्राची मृत्यूपूर्व जबानी

आपल्या रोजच्या मिठातील सोडियमच्या अणुकेंद्रात ११ प्रोटॉन व १२ न्यूट्रॉन असतात आणि ते चिरस्थायी असते; परंतु त्याच ११ प्रोटॉनांच्या जोडीला २१ न्यूट्रॉन आले म्हणजे जे सोडियम-३२ जन्मास येते, त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या अवघ्या १३ सहस्रांशांचे. जे साठवता येत नाही, त्याच्या अंतर्रचनेचा तपशील मिळवावा कसा? मरणासन्न माणसाची जबानी जशी नोंदवून घेतात, तशीच या केंद्राचीही त्याच्या क्षयाच्या क्षणी नोंदवून घ्यावी लागते. बीटा-क्षयात एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात आणि सोडियमच्या जागी मॅग्नेशियम अवतरते. हे नवजात केंद्र बहुधा उत्तेजित अवस्थेत असते व शांत होताना ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडते. या ऊर्जा मोजल्या, की त्याच्या ऊर्जापातळ्यांचा नकाशा उलगडू लागतो.

२, ८, २०, २८ अशा काही संख्यांनी अणुकेंद्राची कवचे पूर्ण भरतात आणि ते विशेष दृढ होते, याची उपपत्ती मारिया गोपर्ट मायर व हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये दिली. तीबद्दल १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. या ‘जादूच्या’ संख्यांचा अंमल सर्वत्र सारखाच चालत असावा, असे मानणे स्वाभाविकच होते. १४ प्रोटॉन व २० न्यूट्रॉन असलेले सिलिकॉन-३४ हे त्याचे नमुनेदार उदाहरण: त्याला परिभ्रमणाच्या वा कंपनाच्या पहिल्या अवस्थेत नेण्यास सुमारे ३,३०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात.

जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनांच्या माऱ्याने निर्माण झालेले सोडियमचे समस्थानिक चुंबकाने वस्तुमानाप्रमाणे निवडून, फ्रान्समधील ऑर्से येथील शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्यांची वस्तुमाने मोजली, तेव्हा सोडियम-३१ आणि ३२ अपेक्षेहून अधिक घट्ट बांधलेले आढळले. पुढे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीटा-क्षयाच्या अभ्यासात मॅग्नेशियम-३२ची पहिली पातळी ८८५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टांवर दिसली. सिलिकॉन-३४च्या तुलनेत न्यूट्रॉन तेच २०, प्रोटॉन केवळ दोन कमी, आणि तरीही उंबरठा जवळजवळ चौथ्या हिश्शावर! न्यूट्रॉनांच्या जोड्या कवचाची हद्द ओलांडून पलीकडे जातात आणि केंद्र गोल न राहता लांबट होते, हा त्याचा अर्थ. एका गॅमा रेषेतून एवढे निष्पन्न व्हावे, हे मला या शास्त्राचे खरे वैभव वाटते. वॉरबर्टन, बेकर व ब्राउन यांनी १९९० मध्ये अशा केंद्रांच्या प्रदेशाला ‘व्युत्क्रमाचे बेट’ म्हटले, आणि १९९५ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत मॅग्नेशियम-३२ शिशावर आदळवून त्या लांबट आकाराची खातरजमा झाली.

मात्र जबानी अपुरी घेतली तर निवाडा चुकतो. जर्मेनियमच्या शोधकांतून उच्च ऊर्जेचे अनेक क्षीण गॅमा किरण निसटतात आणि क्षयाचा हिशेब खालच्या पातळ्यांकडे झुकतो, हे १९७७ मध्येच दाखवून देण्यात आले होते. म्हणून सारी गॅमामालिका एकत्र शोषून घेणारे मोठे स्फटिकही वापरतात. आता हीच तपासणी २८ या संख्येची चालली आहे: अमेरिकेत मिशिगन येथे उभारलेल्या दुर्मिळ समस्थानिकांच्या नव्या त्वरकावर २०२२ मध्ये झालेला पहिलाच प्रयोग २८ न्यूट्रॉन असलेल्या सिलिकॉन-४२च्या परिसरातील केंद्रांची बीटा-अर्धायुष्ये मोजण्याचा होता.