शेजारच्या पेशीचा निरोप

घरात पिकलेली केळी दोन दिवस राहिली की त्यांच्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हे न पाहिलेले घर विरळाच. जेमतेम तीन मिलिमीटरचे हे चिलट म्हणजे ‘ड्रोसोफिला’ जातीची फळमाशी. आंबा-पेरूची नासाडी करणारी फळमाशी वेगळी. शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ या क्षुद्र जिवाकडून शिकत आले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, माशीच्या अंड्यात सुरुवातीला एकही चेतापेशी नसते. मग कोणत्या पेशीने चेतापेशी व्हायचे आणि कोणत्या पेशीने त्वचा, हे कोण ठरवते?

भ्रूणाच्या पृष्ठभागावर पेशींचे लहान लहान गट असतात. गटातील प्रत्येक पेशीत चेतापेशींची जनकपेशी होण्याची क्षमता असते. पेशीच्या पटलात ‘नॉच’ नावाचे ग्राही, म्हणजे निरोप घेणारे प्रथिन, रोवलेले असते. त्याचे एक टोक बाहेर, दुसरे आत. शेजारच्या पेशीवरील ‘डेल्टा’ हे प्रथिन नॉचला येऊन भिडले की नॉचचा आतला भाग तुटतो, केंद्रकात शिरतो आणि चेतापेशी घडविणारी जनुके बंद पाडतो. ज्या पेशीजवळ डेल्टा किंचित जास्त, तिचा निरोप जोरकस. तो मिळालेल्या शेजारणींचा डेल्टा आणखी घटतो. अखेर गटातील एक पेशी जनकपेशी होते, बाकीच्या त्वचा घडवितात.

नॉच नसेल तर? १९३० च्या दशकात डोनाल्ड पोल्सन यांना असे भ्रूण आढळले. चेतापेशी अतोनात वाढल्या होत्या, त्वचा पुरेशी नव्हती आणि भ्रूण जगत नव्हते. म्हणजे त्वचा होणाऱ्या पेशी काही कमी महत्त्वाच्या नव्हेत.

काही ग्राही याउलट काम करतात. माशीच्या डोळ्यात सुमारे आठशे नेत्रिका आणि प्रत्येकीत आठ प्रकाशसंवेदी चेतापेशी असतात. आठव्या पेशीचा निरोप ‘सेव्हनलेस’ या ग्राहीने घेतला तरच सातवी पेशी चेतापेशी होते. निरोप चुकला तर तीच पेशी भिंग घडविणारी पेशी बनते.

हे संशोधन आपल्यापासून दूर झालेले नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे त्यांनी व वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेथे माशीच्या चवीचा व वासाचा अभ्यास केला. १९९७ मध्ये रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी दाखविले की माशीच्या स्पर्शिकेवर वासाचे इंद्रिय घडताना पहिल्या पेशीची निवड नॉचच्या नियंत्रणाखाली होते. नंतर ती आणखी दोन-तीन शेजारी पेशींना कामात सामील करून घेते.

माणसातही नॉचची चार जनुके आहेत. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत त्यांपैकी एका जनुकात बिघाड असतो, असे २००४ मध्ये आढळले. चिलटात उकललेले कोडे असे रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते.

तेव्हा यापुढे चिलटे दिसली तर एका बाटलीत केळ्याचा तुकडा ठेवून दोन-चार आत येऊ द्या आणि कापसाचा बोळा लावा. अंडी, अळी, कोष आणि नवी माशी; दहा-बारा दिवस रोज पाहा व वहीत टिपून ठेवा. ज्या संशोधनाविषयी आपण वाचले, त्याची पहिली पायरी हीच आहे.